एका फळीवर दोघी

फळी दारात अडकली. माणसाहून उंच, दाराहून रुंद, मागे जाड लाकडी चौकट ठोकलेली प्लायवुडची फळी. सामान आणणाऱ्या दोघांनी ती उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली, तिरपी घालताना भिंतीचा पोपडाही काढला, आणि शेवटी त्यांच्यातला वयस्क होता तो फळीला टेकून म्हणाला, "बाई, एक तर दार मोठं करा, नाही तर चित्र छोटं काढा."

"दार काढा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांचं सगळं असंच. चित्र छोटं काढायचं, हा पर्याय त्यांच्या कानात शिरलासुद्धा नाही. मुलगा आत पेपर वाचत होता. तो दातांचा डॉक्टर, त्यातून सुट्टीचा दिवस. त्याला हाक गेली, स्क्रू-ड्रायव्हर शोधला गेला, आणि थोड्या वेळात कामाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट निघून जिन्यातल्या भिंतीला टेकलं. फळी आत गेली. दार काही परत बसवलं नाही, कारण काम झाल्यावर फळीला त्याच वाटेने बाहेर जायचं होतं. दाराच्या जागी एक जुनी चौकड्यांची चादर टांगली. ती टांगायला स्टुलावर चढली होती ती सून, आणि तिच्या हातातले खिळे आनंदाने खाली सांडत होते.

आनंद व्हायचं कारणही तसंच होतं. गावात नवं वाचनालय उभं राहत होतं. त्याच्या वाचनकक्षात शिरल्या शिरल्या समोर दिसेल अशी एक मोठी कोरी भिंत होती, आणि ग्रंथपालबाईंनी घरी येऊन सांगितलं होतं की, त्या भिंतीवर या घरातलं काम हवं. एकीचं नव्हे, दोघींचं, आणि तेही एकाच फळीवर.

मास्तरीणबाईंनी आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून त्या साऱ्या गावाच्या मास्तरीणबाई. त्यांची स्वतःची चित्रं थरांची असत. पातळ कागद चिकटवायचा, त्यावर रंग, त्यावर पुन्हा कागद, पुन्हा रंग, आणि असे कितीतरी थर वाळले की पॉलिश पेपरने घासत बसायचं. घासता घासता खालचे रंग वर डोकावू लागत. कुठला रंग कुठे थांबवायचा हे त्यांच्या मनगटाला कळे. सुनेचं काम निराळं. ती तार वळवायची, जाळी कापायची, जुनी कापडं प्लास्टरमध्ये बुडवून त्यांना उभं करायची. प्लास्टर नवऱ्याच्या दवाखान्यातून यायचं, दातांचे साचे करायचं, पिवळसर आणि भारी घाईचं. कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. खिशात सदा पक्कड आणि केसांत तारेचे तुकडे, म्हणून सासूने तिचं नाव ठेवलं होतं तारवाली.

घरात हे नाव लाडाचं होतं. बाहेर मात्र तिला नावच नव्हतं. प्रदर्शनात, लग्नकार्यात, रस्त्यात कुणी भेटलं की ओळख एकच: "या मास्तरीणबाईंच्या सूनबाई. त्याही काहीतरी करतात." हे 'काहीतरी' तिच्या पायात काट्यासारखं रुतून बसलं होतं. सासूचा तिला हेवा नव्हता. उलट, कॉलेजात असताना ती मास्तरीणबाईंच्या एका चित्रासमोर इतका वेळ उभी राहिली होती की रखवालदाराने येऊन चौकशी केली होती, आणि पुढे लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या की, बाईने नवरा नाही, सासू पटकावली. पण सासूची सून एवढ्याच ओळखीवर म्हातारं व्हायची तिची तयारी नव्हती. त्या भिंतीवर आपला हात दिसला पाहिजे. कुणी विचारायच्या आत दिसला पाहिजे. चादरीचा शेवटचा खिळा ठोकताना तिने मनाशी एवढंच ठरवलं.

नियम मास्तरीणबाईंनी केला. एक दिवस सासूचा, एक दिवस सुनेचा. जिचा दिवस तिने आत जायचं, दुसरीने चादरीपलीकडे डोकवायचंसुद्धा नाही. आत जे असेल त्यावर काम करायचं. झाकायचं, कापायचं, खरवडायचं, सगळ्याला परवानगी.

"विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही," त्या म्हणाल्या. "बोलायला लागलो की आपण शहाण्यासारखं वागू. चित्राला शहाणपण सोसत नाही."

"अहो आई, पण तुमचं काही झाकलं गेलं तर?"

"झाकलं जावं म्हणूनच तर थर असतात गं."

आजूबाजूच्यांना ही गंमत कळली तेव्हा त्यांची करमणूक झाली. एका म्यानात दोन तलवारी आणि एका फळीवर सासू-सून, आता ऐकू येईल भांडण, अशी सगळ्यांची खात्री होती. शेजारीण तर रोज काही ना काही निमित्त काढून जिन्यात रेंगाळायची. तिची घोर निराशा व्हायची होती.

पहिला दिवस मास्तरीणबाईंचा. चादरीआडून दिवसभर घासण्याचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी तारवाली नाश्तासुद्धा न करता उठली, बादलीत पाणी घेतलं, प्लास्टर ओतलं, ढवळत ढवळतच चादर डोक्याने बाजूला सारली आणि आत शिरली. आत गेली आणि जागच्या जागी थांबली.

फळीच्या मधोमध एक निळा पट्टा आडवा गेला होता. निळा म्हणावा तर त्याच्या पोटात हिरवा होता, हिरव्याच्या खाली कुठेतरी तांबूस काही हलत होतं, आणि कडेला कागदाचे पापुद्रे इतके पातळ झाले होते की लाकडाच्या रेषासुद्धा रंगाचाच भाग वाटत होत्या. तारवालीला गुदगुल्या झाल्या. आनंदाने तिने एकटीनेच हसून घेतलं. मग जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, खाली बसून पाहिलं. यावर प्लास्टर? यावर कोण प्लास्टर मारेल? ज्याला डोळे नाहीत तो मारेल. ती पाहत राहिली, आणि भानावर येऊन बादलीत हात घातला तेव्हा प्लास्टर दगड झालं होतं. ढवळायची काठी त्यात उभीच राहिली.

मग तिने जाळीचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि फळीच्या खालच्या कोपऱ्यात, निळ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, दोन पिना मारून बसवला. पाहुण्यांच्या घरी खुर्चीच्या टोकावर बसावं तसा तो तुकडा बसला होता.

"झालं का?" संध्याकाळी मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सुरुवात केली," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला ती आत गेली. जाळीच्या बाजूचा निळा घासून टाकला होता. अगदी लाकडापर्यंत. कोपऱ्यातून निघून मध्यापर्यंत सगळं स्वच्छ. तारवालीला एकच अर्थ लागला: आईंना जाळी आवडली नाही. जाळीशेजारी आपला निळा त्यांना नकोसा झाला. तोंडाने बोलायचं नाही असा नियम, म्हणून हाताने बोलल्या. लेकी बोले सुने लागे, तशातली गत. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने पक्कड काढली, दोन्ही पिना उपटल्या आणि जाळी काढून घेतली. जाताना एक बारीक तार तेवढी वरच्या कडेला लावली. इतकी बारीक की नको असेल तर दिसलीच नाही म्हणता यावं.

तिच्या पुढच्या खेपेला वरच्या कडेचा रंगही नाहीसा झाला होता.

असं करत दिवस चालले. जेवणाच्या टेबलावर मात्र सौजन्याला ऊत आला होता.

"छान होतंय हं," मास्तरीणबाई म्हणायच्या.

"तुमच्यामुळे, अहो आई."

"माझं कसलं? तुझ्या तारेत जीव आहे."

"तुमच्या निळ्यापुढे काय त्याचं?"

डॉक्टर कधी आईकडे, कधी बायकोकडे बघायचा. दिवसभर लोकांच्या दाढा उपटणारा माणूस. दुखतंय कुठे हे चेहऱ्यावरून ओळखणं हा त्याचा धंदाच. एक दिवस त्याने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही दोघी भांडत का नाही?" तो म्हणाला. "मनसोक्त भांडा, भांडी आपटा. मी पाहिजे तर फिरून येतो."

"आम्ही का भांडू?" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे पाहून गोड हसल्या. डॉक्टरच्या अंगावर काटा आला.

ठरल्या दिवशी ग्रंथपालबाई काम पाहायला आल्या. वाचनकक्षातली कपाटं लागली होती, दिवे लागले होते, आता फक्त भिंत उरली होती. सासूने एका बाजूने चादर धरली, सुनेने दुसऱ्या, आणि तिघी आत गेल्या. फळी एकाच वेळी दोघींनी मिळून पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

ग्रंथपालबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी अगदी मनापासून, कौतुकाने विचारलं, "फळी सुरेख घासून घेतलीत. काम कधी सुरू करणार?"

खरंच, फळीवर काही उरलंच नव्हतं. मधोमध निळ्याचा एक ओघळ, बोटभर रुंद. उजवीकडे एक आखूड तार. बाकी सगळीकडे उपटलेल्या पिनांची भोकं आणि लाकूड, आणून ठेवलं त्या दिवसापेक्षा जास्त गुळगुळीत.

ग्रंथपालबाई समजूतदार बाई. त्यांना दोघींचे चेहरे दिसले, आणि त्या पुढे जे बोलल्या ते चांगल्याच हेतूने बोलल्या. "दिवस थोडेच राहिलेत. नाहीच जमलं तर ताण घेऊ नका. मास्तरीणबाई, तुमचं ते जुनं मोठं चित्र आहे ना, बैठकीतलं? तेच लावू. लोकांना तुमचं नाव माहीतच आहे. सूनबाईंचं काय, पुढे कधीतरी पाहू."

तारवालीने सासूकडे पाहिलं. आता त्या म्हणतील, नाही, आमचं दोघींचंच लागेल. मास्तरीणबाई फळीकडे बघत मूग गिळून गप्प उभ्या होत्या. ग्रंथपालबाई निरोप घेऊन जिना उतरल्या तरी गप्पच होत्या.

तेव्हा तारवालीचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फिरलं, त्यामुळे ते कसं फिरवायचं याची तिला सवय नव्हती. ती सरळ बादलीवर लाथ मारायला गेली, बादलीत ते तिच्या पहिल्या दिवशीचं दगड झालेलं प्लास्टर होतं, आणि अंगठा धरून एका पायावर नाचत तिने तोंड सोडलं.

"आवडत नव्हतं तर सांगायचं होतं ना! सरळ तोंडावर सांगायचं! माझ्या जाळीची इतकी किळस आली की शेजारचा स्वतःचा रंग घासून टाकलात?"

"किळस?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही तर काय? मी काही लावलं की तुमचा रंग मागे सरकतो. मी तार लावली, तुम्ही वरची कड पुसून टाकलीत!"

"अगं, मी तुला जागा करून देत होते!"

"कसली जागा?"

"तुझ्या जाळीला जागा! मी पहिल्याच दिवशी सगळी फळी खाऊन टाकली, आणि तू बापडी कोपऱ्यात एवढासा तुकडा लावून बसलीस. मला माझी लाज वाटली. म्हटलं, हिला मोकळं करू, म्हणून तेवढा भाग काढला. तर दुसऱ्या दिवशी तुझी जाळीच गायब. मला वाटलं, पोरीला अजूनही धाक वाटतोय. आणखी काढला."

"मी जाळी काढली, कारण मला वाटलं तुम्हाला ती नकोय."

"आणि मी निळा काढला, कारण मला वाटलं तुला तो जड होतोय."

दोघी फळीकडे पाहू लागल्या. चादरीबाहेरून डॉक्टरच्या हसण्याचा आवाज आला. तो आधी दाबून हसत होता, मग त्याला आवरेना.

"हसू नकोस रे," मास्तरीणबाई ओरडल्या. "भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. दोन बायकांनी मिळून एक चांगलं चित्र लाजून लाजून मारून टाकलं. आणि मगाशी त्या बाईसमोर माझी वाचा गेली, कारण मला वाटलं, हिला नकोच असेल हे सगळं. मी बळेच ओढलं हिला यात."

"मला नको?" तारवाली अंगठा विसरली. "अहो आई, मला ती भिंत इतकी हवी आहे की मला झोप लागत नाही. तुमची सून म्हणून नको. माझी मला हवी आहे."

हे बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण मास्तरीणबाईंचे डोळे चमकत होते. शाळेत एखाद्या मुलाने कागदाच्या बाहेर टेबलावरसुद्धा चित्र काढलं की त्या अशाच बघत असणार.

"मग घे," त्या म्हणाल्या. "पण अशी फुकट नाही मिळायची. आज नियम बंद. ये अशी, बस तिथे आणि बघ."

आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. कागद फाडला, गोंद फासला, रंग ओढला, पंख्याने वाळवला, पुन्हा कागद. तारवालीने त्यांची चित्रं शेकड्यांनी पाहिली होती, ती होताना एकही पाहिलं नव्हतं. त्यांचा हात कुठे थांबत नव्हता. जेवायची वेळ टळून गेली. डॉक्टरने चहा आणून दिला तो थंड झाला, पुन्हा आणला तोही थंड झाला. ऊन खिडकीतून फळीवर आलं तेव्हा निळा परत आला होता, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला होता. त्यात आता खोली होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असं वाटत होतं. मास्तरीणबाई मागे सरल्या, बघितलं, आणि सवयीप्रमाणे उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशने सही ठोकून मोकळ्या झाल्या.

"असं मला आजपर्यंत जमलं नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते दिसत होतं. "बरं. आता झाक."

"काय?"

"प्लास्टर आण आणि झाक. माझ्यासमोर."

"अहो आई, वेड लागलंय का तुम्हाला? हे असंच न्या वाचनालयात! लोक वेडे होतील!"

"तेच तर. हे असंच नेलं तर भिंत माझी. तुला हवी होती ना?"

तारवालीने एकदा निळ्याकडे पाहिलं, एकदा जाळीकडे. तिला पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या, कारण तिला दिसत होतं. कालपर्यंत दिसलं नव्हतं ते आता लख्ख दिसत होतं: जाळी कुठून सुरू होईल, प्लास्टरचा उंचवटा कुठे येईल, त्याला कुठे चिरायचं. निळा उघडा होता तोवर नुसता सुंदर होता. तो भेगेतून दिसला तर माणसाला थांबून वाकून पाहावं लागेल. तिने जाळी घेतली. निळ्यावर पहिली पिन मारली. टक्क आवाज झाला आणि दोघींनी एकदमच श्वास आत ओढला. मग दुसरी मारली, तिसरी मारली, आणि मग मोजायला कुणाला वेळ होता? खालपासून वरपर्यंत जाळी उभी राहिली, कुठे चपटी, कुठे फुगलेली.

पण प्लास्टर कालवायची वेळ आली तेव्हा तिचे हात पुन्हा थबकले.

प्लास्टर कालवलं ते डॉक्टरने. त्याला वाटलं आपण मदत करतोय. दवाखान्यात चमच्याने कालवणारा माणूस, त्याने अंदाज न घेता अख्खी पिशवी दोन बादल्यांत रिकामी केली आणि दोन्ही आणून तारवालीच्या पायाशी ठेवल्या.

"एवढं?" तारवाली किंचाळली.

"कमी पडू नये म्हणून."

तिने बादलीच्या बाहेरून हात लावला. बादली कोमट व्हायला लागली होती. प्लास्टर घट्ट होताना तापतं. एकदा तापायला लागलं की त्याच्याशी वाद घालता येत नाही. आता भीड धरली तर या दोन बादल्यासुद्धा पहिलीसारख्या दगड होणार, आणि भिंतीवर बैठकीतलं जुनं चित्र जाणार.

"मार!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

तारवालीने दोन्ही हात भरून घेतलं आणि मारलं. थप्प! सरळ निळ्याच्या काळजात. मास्तरीणबाईंच्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि पुढच्याच क्षणी त्या म्हणाल्या, "आणखी!" तारवालीला तेवढंच हवं होतं. ती मारत सुटली. जाळीतून प्लास्टर आत घुसत होतं, खाली ओघळत होतं, ती ते वर ओढत होती, तळव्याने दाबत होती, कोपराने सारत होती. तिला आयुष्यात इतकं उद्धट आणि इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

"कापड!" ती ओरडली. "इथे नुसतं प्लास्टर टिकणार नाही, कापड द्या काहीतरी!"

कापडांचं गाठोडं गच्चीवर होतं. बादली गरम झाली होती. डॉक्टर स्वतःच्या शर्टाकडे पाहू लागला. तेवढ्यात मास्तरीणबाई दाराकडे गेल्या, दोन्ही हातांनी चादर धरली आणि खिळ्यांसकट खाली खेचली. टर्रर्र. बाहेर जिन्यात शेजारीण उभी होती, कान लावून.

"आत या नाही तर खाली जा," मास्तरीणबाई तिला म्हणाल्या. "उजेड अडवू नका."

चादर बादलीत बुडाली. तिची दोन टोकं सासूने धरली, दोन सुनेने, निथळत ती वर आली आणि एका झोकात फळीवर पडली. आता कुणाचा हात कुठे चाललाय हे कळेनासं झालं. मास्तरीणबाईंनी ओल्या प्लास्टरमध्ये रंगीत कागदाचे तुकडे दाबायला घेतले, तारवालीने चादरीच्या सुरकुत्या तारेने उभ्या केल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिकडे फार झालं," तर तारवाली म्हणाली, "अजिबात नाही." तारवालीने त्यांचा एक लाल कागद उपटून फेकून दिला, त्यांनी तो उचलून दुसरीकडे लावला. दोघी मोठमोठ्याने भांडत होत्या. शेजारणीला इतके दिवस जे हवं होतं ते अखेर मिळालं, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून तोंडाला हात लावून हसत होती.

मग प्लास्टर साबणासारखं झालं. हीच ते चिरायची वेळ, थोडीशीच असते. तारवालीने पत्र्याची पट्टी उचलली आणि चिरायला सुरुवात केली. जिथे पट्टी फिरली तिथे प्लास्टरची साल निघाली, आणि आतून निळा आला. पांढऱ्या-पिवळ्या दरीच्या तळाशी झळझळत आला.

"मुलांना सांगत आले जन्मभर," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "की झाका म्हणजे दिसेल. माझं मात्र दुसऱ्या कुणाला झाकू दिलं नाही मी कधी. कर, कर, थांबू नकोस."

ती थांबली नाही. एक चीर मधून गेली, एक वरून खाली उतरली, चादरीच्या घडीतून एक वळली. उजव्या कोपऱ्यापाशी ती आली तेव्हा मास्तरीणबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तिथे नको."

तिथे खाली त्यांची सही होती.

"का?"

"राहू दे आत. ही भिंत तुझी म्हटली ना मी."

इतके दिवस तारवाली अशा बोलण्यावर मान खाली घालून मागे सरली असती. आपली जाळी काढून घेतली असती. तिने सासूचा हात सोडवला, हळुवार पण सोडवलाच.

"अहो आई, पुन्हा जागा करून देऊ नका मला," ती म्हणाली. "मी घेतली आहे."

आणि तिने पट्टी चालवली. सही वर आली. अर्धी. पहिली अक्षरं निळ्यावर स्वच्छ, पुढची चादरीच्या पदराखाली गेलेली. शेजारच्या ओल्या प्लास्टरमध्ये, बरोबर तेवढ्याच उंचीवर, तारवालीने तारेच्या टोकाने स्वतःची सही कोरली.

पुढचे दिवस वाळवण्यात आणि रंगाचे पातळ हात देण्यात गेले. दोघी एकाच वेळी आत असायच्या आणि आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. ग्रंथपालबाई आल्या त्या सकाळी दाराला ना दार होतं ना चादर. त्या जिन्यातूनच बोलत आल्या, "मी बैठकीतल्या चित्राचं माप घ्यायला—" आणि उंबऱ्यात थांबल्या.

मग त्या आत आल्या. लांबून पाहिलं, मग पायांनी आपोआप जवळ नेलं, आणि मोठ्या चिरेपाशी त्या कमरेत वाकल्या. वाकून आत पाहत राहिल्या. तारवाली श्वास रोखून उभी होती. अशीच वाकतील हे तिला माहीत होतं, तरी ते डोळ्यांनी पाहताना तिला उड्या माराव्याशा वाटल्या.

ग्रंथपालबाई सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी सवयीने मास्तरीणबाईंकडे वळून विचारलं, "यात तुमचं कुठलं आणि सूनबाईंचं कुठलं?"

मास्तरीणबाई केसांतला प्लास्टरचा खडा काढण्यात गुंतल्या होत्या. तो निघेना. त्यांनी मान न वळवता बोटाने तारवाली दाखवली.

"त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "मी त्यांची सासू. मीही काहीतरी करते."